अपुरी गोधडी

बंगळूरच्या मराठी माणसाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा शहाजीराजांपासून प्रारंभ करतो, आणि ते योग्यच आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावल्यावर, १६८७ मध्ये, तीन लाख रुपयांच्या व्यवहारातून ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. या घडामोडींना कागदांचा आधार आहे. शहाजीराजांच्या दरबाराला तर जयराम पिंड्ये यांच्यासारखा कवीही लाभला. परंतु जहागीर गेली तरी मराठी माणसांचे इकडे येणे थांबले नाही. त्यांतील पुष्कळांजवळ सनदा नव्हत्या, सुई होती.

ल्यूइस राईस यांनी १८९७ मध्ये सिद्ध केलेल्या म्हैसूरच्या गॅझेटियरात दर्जी समाजाच्या वर्णनात शिंपी, नामदेव, रंगारे ही नावे येतात. शिंपी व नामदेव हे शिवणारे. रंगारे हे कापड रंगवणारे आणि छापणारे. मद्रास इलाख्याच्या १८९१ च्या खानेसुमारीतही रंगारी हे मूळचे महाराष्ट्रातले, मराठी बोलणारे व अंबाभवानीचे उपासक असल्याचे नमूद आहे. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी घराणी बंगळुरात आजही आहेत. मात्र त्यांच्या पुरुषांनी दुकानात जे शिवले ते गिऱ्हाइकाच्या अंगावर झिजून नाहीसे झाले. मागे राहिले ते घरातल्या बायकांनी कोणाकडूनही मोल न घेता शिवलेले, म्हणजे गोधडी.

आमच्या घरी माडीवरच्या एका खोलीत गेली काही वर्षे लोकांच्या गोधड्या पुऱ्या करून देण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम चालते. हवेच्या दृष्टीने बंगळूर हे गोधडीचेच गाव म्हटले पाहिजे. समुद्रसपाटीपासून ते सुमारे ९२० मीटर उंच आहे, आणि जानेवारी १८८४ मध्ये येथील पारा ७.८ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. ज्याला परवडे तो कापूस पिंजून घेऊन रजई भरवी. जुन्या पेठेतल्या अरळेपेठेच्या नावातील ‘अरळे’ म्हणजे कापूसच. गोधडीला कापूसही लागत नाही आणि पैसाही. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात, कन्नडात कौदी. नावे निरनिराळी, पण रीत बहुतेक एकच. विटलेले लुगडे खाली अंथरावे, त्यावर धोतरांचे, चोळ्यांचे, सदऱ्यांचे तुकडे पसरावेत, वर दुसरे लुगडे घालावे, कच्च्या टाक्यांनी सारे थर धरावेत आणि मग काठापासून सुरुवात करून धावदोऱ्याने फेऱ्यामागून फेरा घालीत मध्याकडे यावे.

गोधडी पुरी कधी झाली, या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. उत्तर कानडा जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ शिवतात, आणि फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते. हे सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून गुलाम किंवा शिपाई म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्याही पूर्वजांपाशी सनदा नव्हत्या. आमच्या इकडे काठाची मगजी आणि मध्याचा शेवटचा टाका पडला की काम झाले असे मानतात.

काही काळापूर्वी पेठेतल्या एका शिंपी घराण्यातील बाई आपल्या आजीची गोधडी घेऊन आल्या. मध्यभागी दोन हात जागा अजून कच्च्या टाक्यांवरच होती, आणि आजीची सुई तेथेच टोचलेली राहून गंजली होती. “अशी पुरी करून द्या, की कोणाचा हात कोठे संपला ते कळू नये,” असे त्या म्हणाल्या.

मागणी साधी होती, पण आम्हांस ती चटकन मान्य करता येईना. पूर्वी एका वाकळीला आम्ही नव्या कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळ भक्कम टाक्यांनी लावून दिले होते. पहिल्याच धुण्यात ते आटले आणि भोवतालचे जीर्ण लुगडे चारी बाजूंनी फाटले. चूक सर्वस्वी आमचीच होती. जुन्याला तितकेच जुने, मऊ आणि धुऊन आटलेले कापड लागते, हे तेव्हा कळले. जुन्या छापील कापडात तांबडा रंग टिकतो आणि काळी वेलबुट्टी आधी गळून पडते, हेही हाताखाली आले. लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात आंबवून रंगारी काळा रंग करीत, आणि तेच लोखंड पुढे कापसाचा तंतू खाते. अशा ठिकाणी नवा टाका घालणे म्हणजे नवे भोक पाडणे होय. तेथे मागून पातळ मलमल लावून आजूबाजूच्या भक्कम कापडावर धरावी लागते.

आजीच्या सुईनेही हेच केले होते. ती काढली तेव्हा खाली गंजाचा डाग आणि त्यात तीळभर छिद्र राहिले. आम्ही त्या बाईंना सांगितले, की गोधडी पुरी करू, पण आजीचा एकही टाका उसवणार नाही आणि आमचा टाका तिचा म्हणून खपवणार नाही. दिशा तीच ठेवू, अंतरही तेच, मात्र दोरा एक छटा फिका घेऊ. त्या थोड्या नाराज झाल्या. “लोक विचारतील,” असे म्हणाल्या. विचारावे म्हणूनच तसे करावयाचे, असे आमचे उत्तर होते.

इतिहासाचा अभ्यासक जुन्या पोथीत गळलेली ओळ आपल्या पदरची घालून ती मूळचीच म्हणून छापीत नाही. मग ज्या घराण्यांचा बखरीत उल्लेख नाही, त्यांच्या या कापडी दप्तरालाच वेगळा न्याय का असावा? ज्या बायकांची नावे खानेसुमारीत केवळ आकडा होऊन राहिली, त्यांचे हस्ताक्षर म्हणजे हा धावदोरा. तो सफाईने झाकला तर गोधडी नवी दिसेल, पण त्या बाईची साक्ष जाईल.

गोधडी नेताना त्या बाईंनी डागाच्या जागी बोट ठेवून पाहिले आणि सुई मागून घेतली. कागदात गुंडाळून आम्ही ती त्यांना दिली.