माप कोणत्या अंगणातले?



बाजारात गेले की आपण दूध मापाने घेतो, कापड मीटरवर मोजून घेतो आणि गूळ तराजूत घालून घेतो. कापड तराजूत टाकणाऱ्या दुकानदाराला आपण शहाणा म्हणणार नाही. आता असे पाहा की तीन-चार वर्षांचे मूल चारचौघांत कसे वागते, आपली पाळी येईपर्यंत थांबते का, पडलेल्या सोबत्याला उठवते का, नवे माणूस दिसले की बोलते की आईच्या पदराआड दडते, हे सारे मोजायचे झाले तर त्याला कोणते माप लावावे?

बालवाडी आणि अंगणवाडी चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमीच उभा असतो. उत्तर चुकले तर त्याची झळ मुलालाच लागते. धडधाकट मुलावर ‘मागे पडलेला’ असा शिक्का बसतो, किंवा खरोखर मदत हवी असलेले मूल कोपऱ्यात बसून राहते आणि ते कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून ही मापे कोठून आली आणि कोणी कशासाठी केली, हे जरा पाहू या.

आरंभ पॅरिसमध्ये झाला. शाळेत ज्यांना जादा मदत लागेल अशी मुले शोधण्याचे काम तेथील सरकारने हाती घेतले आणि त्यातून १९०५ साली आल्फ्रेड बीने व त्यांचे सहकारी सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. बीने यांचा हेतू मदतीचा होता. आपण काढलेला आकडा म्हणजे मुलाच्या कपाळावरची रेघ नव्हे, हे ते बजावून सांगत. पण माप एकदा गाव सोडून निघाले की करणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातोच असे नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाचे गाव आहे. बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांसाठी तेथे एक निवासी शाळा होती. तेथील संशोधक हेन्री गॉडर्ड यांनी १९०८ साली बीनेची कसोटी अमेरिकेत नेली. पुढे १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या परदेशी माणसांनाही तिने तपासण्यात आले. बोटीच्या प्रवासाने शिणलेली, भाषा न कळणारी, दुभाष्याच्या तोंडून प्रश्न ऐकणारी ती माणसे! तपासलेल्यांपैकी पुष्कळजण मंदबुद्धी ठरले. दोष त्यांच्या बुद्धीत होता की मापात, हे आज कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्याच व्हाइनलँडमध्ये पुढे एडगर डॉल नावाचे मानसशास्त्रज्ञ आले. ते रोज ज्या मुलांना पाहत, त्यांत त्यांना एक गोष्ट दिसे. दोन मुलांचा बुद्धीचा आकडा सारखाच, पण एक आपले जेवण, कपडे, लहानसहान कामे नीट सांभाळतो आणि दुसऱ्याला पावलोपावली धरावे लागते. म्हणजे बुद्धी निराळी आणि समाजात वावरण्याची तयारी निराळी! ती मोजण्यासाठी डॉल यांनी १९३५ साली एक श्रेणी प्रसिद्ध केली. मराठीत आपण तिला सामाजिक परिपक्वतेची श्रेणी म्हणू. जन्मापासून मोठेपणापर्यंतच्या ११७ बाबी तिच्यात होत्या. स्वतः खाणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे, बोलणे, काम करणे, इतरांत मिसळणे असे त्यांचे गट होते.

ह्या श्रेणीत दोन गोष्टी फार चांगल्या होत्या. पहिली अशी की प्रश्न मुलाला विचारायचे नसत. जो त्याला जवळून ओळखतो, त्या आईला, आजीला किंवा सांभाळणाऱ्याला विचारायचे. अनोळखी माणसापुढे मूल तोंड उघडत नाही हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. दुसरी गोष्ट अशी की ‘मुलाला हे करता येते का?’ एवढे पाहून भागत नसे. ‘ते रोजच्या रोज आपणहून करते का?’ हे पाहायचे. दोहोंत किती अंतर आहे, ते शिक्षकांना सांगायला नको.

पण तिच्यात अडचणही होती. मूल काट्याने खाते का, सुरीने पावावर लोणी लावते का, बर्फावरची घसरगाडी चालवते का, टेलिफोन करते का, अशाही बाबी त्यात होत्या. भाकरी हाताने मोडून खाणाऱ्या आणि बर्फ कधी न पाहिलेल्या मुलाला ह्या बाबींत शून्य मिळणार. तेच मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळत असेल, तर त्याचे गुण कोठे मांडायचे? ही अडचण आपल्याच महाराष्ट्रात ओळखली गेली. नागपूरचे डॉ. ए. जे. मॅलिन यांनी ह्या श्रेणीचे भारतीय रूप तयार केले. जन्मापासून १५ वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी त्यात ठेवल्या. पुढे अनेक वर्षे भारतातील बालमार्गदर्शन केंद्रांत आणि इस्पितळांत हे नागपुरी रूप वापरले गेले. मूळ श्रेणीही अमेरिकेत १९८४ साली आणि त्यानंतर पुन्हा नव्याने बांधण्यात आली. काळ बदलला की मापही तपासून घ्यावे लागते, ते असे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. ही वाट पाहण्याची आणि टिपून ठेवण्याची. मिल्ड्रेड पार्टेन ह्या बाईंनी मिनेसोटा विद्यापीठाच्या शिशुशाळेतील सुमारे चाळीस मुलांचा खेळ पाहिला आणि १९३२ साली आपले निष्कर्ष मांडले. मुले मोकळेपणी खेळत असताना एका वेळी एकाच मुलाकडे एक मिनिट पाहायचे आणि लिहून ठेवायचे. मग दुसऱ्याकडे. असे पुष्कळ दिवस करायचे. त्यांना दिसले ते असे: काही मुले नुसती उभी असतात, काही एकटी खेळतात, काही दुरून दुसऱ्यांचा खेळ पाहतात, काही शेजारी बसून पण आपापले खेळतात, काही एकमेकांत देवघेव करीत खेळतात, आणि काही वाटणी करून, ‘तू हो दुकानदार, मी गिऱ्हाईक’ असे ठरवून खेळतात. वय वाढते तसा मिळून खेळण्याचा भाग वाढत जातो. पुढच्या अभ्यासकांनी एक दुरुस्ती सुचवली ती महत्त्वाची आहे. एकटे खेळणे हा दरवेळी दोष नसतो. मातीचा बैल करण्यात रंगलेले मूल एकटेच बसणार! ह्या पद्धतीला खर्च कसला? एक वही, एक पेन्सिल आणि पाहण्याचा धीर.

आपल्याकडे ह्या पाहण्याच्या वाटेने चालणाऱ्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. मूल येत नाही, म्हणजे त्याला शाळेची गोडी नाही, असा शेरा मारून त्या मोकळ्या झाल्या असत्या. तसे न करता त्या बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९५७ साली हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी गुरांच्या मागे कुरणात शाळा गेली, तिचे नाव कुरणशाळा. ताराबाईंच्या ह्या कामात मापाविषयीचा एक मोठा धडा आहे. मूल आपल्या अंगणात जसे वागते, तसे परक्या छपराखाली वागत नाही. म्हणून त्याला त्याच्या अंगणात पाहावे.

मोठ्या योजनांत चुकीचे माप लावले की काय होते, त्याचे उदाहरण पुन्हा अमेरिकेतलेच आहे. तेथे १९६५ च्या उन्हाळ्यात गरीब घरांतील मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही योजना सुरू झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांवर मुले तिच्यात आली. आरोग्य, आहार, आईबापांचा सहभाग, मुलांचा आत्मविश्वास, मिळून-मिसळून वागणे अशी तिची उद्दिष्टे होती. १९६९ साली तिची मोठी पाहणी झाली. तिचा मुख्य भर मात्र भाषा आणि शालेय प्रगती ह्यांच्या कसोट्यांवर. निष्कर्ष निघाला की योजनेचा टिकाऊ परिणाम फारसा नाही. मग वाद पेटला. ज्यासाठी योजना केली तेच नीट मोजले नाही, असे एडवर्ड झिग्लर यांच्यासारख्या जाणकारांचे म्हणणे पडले.

ह्या वादावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग मिशिगन राज्यात झाला होता. १९६२ ते १९६७ ह्या काळात पेरी शाळेच्या प्रयोगात गरीब घरांतील १२३ मुलांचे दोन गट केले. एका गटाला चांगली बालवाडी मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. बुद्ध्यंकातला फरक काही वर्षांत पुसला गेला. तेथेच थांबले असते तर प्रयोग फसला असेच म्हणावे लागले असते. पण ह्या मुलांचा मागोवा ती चाळीस वर्षांची होईपर्यंत घेतला गेला. बालवाडीतली मुले मोठेपणी अधिक कमावती झाली आणि पोलिसांच्या हाती कमी लागली. बुद्ध्यंकाच्या मापात जे दिसले नाही, ते आयुष्यात दिसले.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू झाली आणि बोर्डीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. थोड्या वेळात, थोडे शिकलेल्या कार्यकर्तीलाही वापरता येईल अशी मापेही पुढे निघाली. त्रिवेंद्रमला १९९१ साली प्रसिद्ध झालेला १७ बाबींचा तक्ता अशांपैकी एक. तो दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी आहे.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला. आमच्या बालवाडीत आम्ही काय करावे? चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, माप हातात घेण्याआधी ‘कशासाठी?’ हे विचारा. मदत कोणाला हवी ते चाळून पाहणे हे एक काम. मुलाला नक्की काय झाले आहे हे ठरवणे हे दुसरे, आणि ते तज्ज्ञाचे. आपली बालवाडी कशी चालली आहे हे पाहणे हे तिसरे. तिन्हींना एकच माप चालत नाही.

दुसरी, माप कोणत्या मुलांवर बसवले आहे ते पाहा. एखादी गोष्ट चौथ्या वर्षी यावी, असे जे लिहिलेले असते, ते पुष्कळ मुलांना तपासून ठरवलेले असते. ती मुले शहरातली की खेड्यातली, आपल्या देशातली की परकी, हे पुस्तकात दिलेले असते. आपण स्वतः यादी करायला हरकत नाही. मूल पाहुण्याला पाणी आणून देते का, धाकट्याला खेळवते का, खेळात डाव सोडते का, हे जरूर टिपा. मात्र अशा घरगुती यादीवरून मुलाचे ‘सामाजिक वय’ काढू नका.

तिसरी, विशेषणे लिहू नका, घडलेले लिहा. ‘भांडखोर आहे’ असे न लिहिता ‘आज दोनदा सोबत्याच्या हातची बाहुली ओढली, तिसऱ्यांदा मागून घेतली’ असे लिहा. त्या तिसऱ्या वेळेतच मुलाची प्रगती आहे, आणि विशेषणाने ती झाकली जाते. एका दिवसावरून काही ठरवू नका. पोट रिकामे असेल, अंगात कणकण असेल, घरी नवे बाळ आले असेल. निदान काही आठवडे पाहा, आणि घरच्यांना विचारा.

चौथी आणि शेवटची, टिपण वहीत कोंडून ठेवू नका. हाक मारली तरी मूल वळत नसेल, कोणाच्या नजरेला नजर देत नसेल, आधी येत असलेले बोलणे-खेळणे विसरत चालले असेल, तर वाट पाहत बसू नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरवलेली आहे. त्या पथकाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला वही दाखवा. पुष्कळदा दोष कानाचा निघतो, आणि ज्याला आपण घुमे म्हणत होतो, ते बिचारे फक्त ऐकू न आल्याने गप्प असते.

मोजायचे ते मुलाला पुढे नेण्यासाठी. तेव्हा ह्या आठवड्यापासून एक वही घाला, प्रत्येक मुलाला तिच्यात एक पान द्या, आणि रोज दोघा-तिघांकडे तरी डोळे भरून पाहा.