समाजसेवेचा पगार : सुरतेपासून सुरू झालेली गोष्ट

माझी पुतणी यंदा बडोद्याला एम.एस.डब्ल्यू. करायचं म्हणते. घरात पहिला प्रश्न निघाला, "समाजसेवेला पगार असतो का?" प्रश्न जुना आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या सुरतेतच सापडते.

मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या शाळेत शिक्षक होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथे मानवधर्म सभा काढली. प्रमुख पाच जणांची नावं 'द'वरून, म्हणून त्यांना 'पाच दद्दा' म्हणत. जातिभेदाविरुद्ध बोलायचं, मंत्रतंत्रवाल्यांना चारचौघांत आव्हान द्यायचं, हे त्यांचं काम. पोट मात्र शाळेच्या पगारावर. दादोबा सुरत सोडून गेले, पुढे सभाही मंदावली. नोकरीतला माणूस गाव सोडतो तेव्हा मागे काय होतं, ते आम्हा बदलीवाल्यांना विचारा.

गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापून यावर तोड काढली. सभासदाने आयुष्य द्यायचं, समाजाने त्याच्या घरखर्चाची जबाबदारी घ्यायची. पुण्याला एल.सी.ई. झालेले ठक्करबाप्पा मुंबई नगरपालिकेत इंजिनियर होते. तिथे त्यांनी सफाई कामगारांची वस्ती जवळून पाहिली. १९१४ मध्ये नोकरी सोडून ते या समाजात आले आणि पुढे दाहोदच्या भिल्लांत राहिले. आपले मामासाहेब फडकेही गोध्र्याला अंत्यज आश्रमात असेच रमले. माझाही सिव्हिलचाच डिप्लोमा. पण राजीनाम्याची हिंमत माझ्यात नाही, हे कबूल करतो.

शिकून करायचं काम ही कल्पना आली १९३६ मध्ये, मुंबईतल्या टाटांच्या समाजकार्य विद्यालयाबरोबर. मग १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, आणि या शिक्षणाला पक्की खुर्ची मिळाली. आज हॉस्पिटल, बालगृह, कौटुंबिक न्यायालय, महापालिकेचे वस्ती प्रकल्प, कितीतरी ठिकाणी अशी माणसं लागतात.

पण आपल्या लिंबायत-उधन्यातला खानदेशी कामगार बहुतेक छोट्या लूम्सच्या खात्यांत. तिथे कायद्याला लागणारा कामगारांचा आकडा भरत नाही, म्हणून कायद्याचा तो अधिकारीही नाही. पुतणीला नेमकं तिथेच काम करायचं आहे. पगार कोण देणार, ते अजून ठरलेलं नाही. फॉर्म मात्र भरला आहे.