मुंबई ते तेल अवीव : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि तेल अवीवजवळील बेन गुरियन विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. पवित्र भूमीच्या यात्रेचा विचार करणाऱ्या भाविकांना उपयोगी पडावी म्हणून या मार्गाची माहिती येथे देत आहोत.

सरळ अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. ही रेषा अरबी समुद्र, ओमानचे आखात, इराणचे आखात, उत्तर अरबस्तान व जॉर्डन यांवरून जाते. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरल्यास हे अंतर पावणेपाच तासांत कापले जाईल. चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवला तर साधारण साडेपाच तास होतात.

परंतु विमान नकाशावरील रेषेने नव्हे, तर मिळालेल्या परवानगीने जाते. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण अधिकार असतो. सौदी अरेबियाचे इस्राएलशी राजनैतिक संबंध नसल्याने इस्राएली विमानांना मुंबईहून एडनचे आखात, बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी आणि तांबडा समुद्र असा वळसा घ्यावा लागे. हा मार्ग सुमारे ५,६०० किलोमीटरचा भरतो. प्रवासाला आठ तासांच्या आसपास लागत.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान सौदी आकाशातून तेल अवीवला पोहोचले. जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश सर्व नागरी विमानांना खुले केले. तथापि जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल युद्धामुळे बेन गुरियन विमानतळच नेहमीच्या वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला. शेजाऱ्यांमधील सलोखा आणि वैर यांचे माप प्रवाशाच्या घड्याळावर असे उमटते.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहतात. त्यामुळे जाताना अधिक आणि परतताना कमी वेळ लागतो. इस्राएलची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, उन्हाळ्यात अडीच तास. तिकिटावरील वेळा स्थानिक असल्याने हिशेब करताना हा फरक ध्यानात घ्यावा.

बेन गुरियन विमानतळ लोद नगराजवळ आहे. ऐनेयास नावाच्या पक्षाघाती मनुष्याला संत पेत्राने बरे केले, ते हेच लोद. तेथून यरुशलेम सुमारे ५० किलोमीटरवर आहे.

अनेक यात्रासंघ आखाती देशांत विमान बदलून किंवा अम्मानमार्गे जातात. अशा वेळी मधल्या विमानतळावरील मुक्काम धरून पूर्ण प्रवासाचा वेळ विचारावा. वृद्ध व आजारी यात्रेकरूंसाठी तोच हिशेब महत्त्वाचा असतो. तिकीट काढण्यापूर्वी मार्ग खुला आहे ना, याची खात्री करून घ्यावी, असे आम्ही सुचवितो.