आधी वर्णन, मग नाव : मूर्तींची छायाचित्रे पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

वऱ्हाडातल्या माणसाला गजानन महाराजांची तसबीर ओळखायला कोणी शिकवत नाही. उघडा देह आणि हातातली चिलीम दिसली की हात आपोआप जोडले जातात. खराटा दिसला की गाडगेबाबा, खंजिरी दिसली की तुकडोजी महाराज, शिळेवर बसून पायावर पाय टाकलेला दिसला की साईबाबा. ही ओळख चेहऱ्यावरून होत नाही. चित्रकार बदलला की चेहरा बदलतो. खराटा मात्र तोच राहतो. मूर्तिशास्त्राचा पाया हाच आहे. हातातली वस्तू, बसण्याची किंवा उभे राहण्याची ढब, पायाशी असलेला प्राणी, सोबतची माणसे आणि मूर्तीची जागा या खुणांवरून कलावंताने कोण घडवले ते ठरवायचे. बुलढाणा जिल्ह्यातला वाचक हे काम लहानपणापासून करत आलेला आहे. त्याने तेच काम थोडे सावकाशीने आणि शिस्तीने करावे, यासाठी ही प्रस्तावना.

आज सहलीहून परतणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये मूर्तींची छायाचित्रे असतात. लोणारला गेलेला माणूस सरोवराची छायाचित्रे काढतो आणि ते साहजिकही आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर पाहून डोळे तिथेच खिळतात. पण गावातल्या दैत्यसूदन मंदिरापाशी तो पोहोचला की घाई होते. भिंतीवरच्या शिल्पांची दहावीस छायाचित्रे निघतात आणि घरी आल्यावर प्रश्न पडतो, हा देव कोणता? उत्तर बहुतेक वेळा त्याच छायाचित्रात असते. कधी मात्र ते चौकटीच्या बाहेर राहून गेलेले असते, आणि तेवढ्यासाठी पुन्हा लोणारला जाणे सगळ्यांना जमत नाही.

दैत्यसूदन म्हणजे लवणासुराचा वध करणारा विष्णू. गाभाऱ्यातली मूर्ती पायाखाली त्या असुराला घेऊन उभी आहे, त्यामुळे तिची ओळख कथेनेच पटते. सभामंडपाच्या छतावर, म्हणजे वितानावर, कृष्णकथेतले आणि नरसिंहाचे प्रसंग कोरलेले आहेत. वितानाचे छायाचित्र खाली उभे राहून, मान वर करून काढले जाते. नंतर पडद्यावर त्याचे वर-खाली हरवते. म्हणून काढतानाच आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो ते नोंदवावे. बाहेरच्या भिंतीवर सूर्यही आहे. सूर्य ओळखणे नवशिक्याला सर्वांत सोपे जाते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. दोन्ही हातांत खांद्यापर्यंत आलेली पूर्ण उमललेली कमळे, पीठावर सात घोडे, दोन्ही बाजूंना बाण सोडून अंधार पळवणाऱ्या उषा आणि प्रत्युषा. आणि पायांत उंच पादत्राणे. आपल्या देवांत अनवाणी नसलेला असा देव विरळाच. मूर्तीचे हात तुटले असले तरी एवढ्या पायांवरून सूर्य ओळखता येतो. म्हणूनच पाय कापलेले छायाचित्र अभ्यासाला अपुरे पडते.

या शास्त्राची खरी गोडी चतुर्भुज विष्णूपाशी कळते. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे चार हातांत मांडण्याच्या रीती गणिताने बरोबर 24 होतात, आणि परंपरेने त्या प्रत्येक रीतीला एकेक नाव दिले आहे. ही नावे आपल्याला परकी नाहीत. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव, गोविंद असे जे म्हटले जाते, तीच ही चोवीस. वाचनाचा क्रम प्रदक्षिणेचा : मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात, तिथून उजवा वरचा, मग डावा वरचा आणि शेवटी डावा खालचा. या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आली तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आली तर त्रिविक्रम. अभ्यासक हे क्रम पहिल्या अक्षरांनी पाठ करतात : केशव पशंचग, त्रिविक्रम पगचशं. ग्रंथाग्रंथांत काही नावांची अदलाबदल आढळते. म्हणून आपण कोणत्या ग्रंथाचा क्रम धरला तेही लिहावे, पण त्याआधी चार हातांतल्या वस्तू जशा दिसतात तशा लिहून ठेवाव्यात. ग्रंथाविषयीचे मत उद्या बदलेल. हातातली गदा बदलणार नाही.

मेहकरचा शारंगधर बालाजी या वाचनासाठी फार मोलाचा आहे. 1888 साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची मूर्ती सुमारे 11 फूट उंच आहे आणि तिची आयुधे दुरूनही स्पष्ट दिसतात. दर्शन झाल्यावर क्षणभर बाजूला उभे राहून उजव्या खालच्या हातापासून क्रम लावावा. भाविकाचे पाहणे आणि अभ्यासकाचे पाहणे यांत विरोध आहे असे मला कधी वाटले नाही. मूर्तीच्या हातात काय आहे हे नीट पाहणारा तिच्याजवळच जात असतो.

इथे छायाचित्राचा एक मोठा धोका सांगायला हवा. केशवाचे छायाचित्र आडवे उलटले, म्हणजे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे गेले, तर क्रम गदा, चक्र, शंख, पद्म असा होतो. आणि तो माधवाचा क्रम आहे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली, कोणीतरी सजवून पुढे पाठवलेली, भिंतपत्रकासाठी उलटवलेली छायाचित्रे आपल्याकडे रोज येतात, आणि त्यांवरून केलेली ओळख समूळ चुकू शकते. यावर एक सोपी तपासणी आहे : जानवे पाहा. मूर्तीचे यज्ञोपवीत तिच्या डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली जाते, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला ते उजवीकडून डावीकडे उतरताना दिसते. उलटे उतरत असेल तर आधी छायाचित्राची शंका घ्यावी, मूर्तिकाराची नंतर.

या खुणा कोणी मागाहून शोधून काढलेल्या नाहीत. शिल्पकाराला त्या नेमून दिलेल्या होत्या. ज्याच्या नावाने आपण महाराष्ट्रातल्या जुन्या दगडी देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो, तो हेमाद्री तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथातल्या व्रतखंडात मूर्तींची लक्षणे दिलेली आहेत. ही देवळे त्याने बांधली असे मानण्याला आधार नाही, त्यांतली कित्येक त्याच्याही आधीची आहेत. त्या देवळांतल्या मूर्ती वाचायला मात्र त्याचा ग्रंथ खरोखर उपयोगी पडतो. आधुनिक काळात टी. ए. गोपीनाथ राव यांनी 1914 पासून प्रसिद्ध केलेल्या खंडांनी हिंदू मूर्तिशास्त्राचा पाया घातला. मराठीत डॉ. गो. बं. देगलूरकरांनी ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’सारख्या पुस्तकांतून हे ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती दिले. ज्याला पुढे जायचे आहे त्याने देगलूरकरांपासून आरंभ करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गावच्या पारावर गेलो की ग्रंथ पुरत नाहीत. शेंदराचे थर चढून आकार गोल झालेले असतात. लोणारचा मोठा मारुती, म्हणजे निजलेला हनुमान, ज्यांनी पाहिला असेल त्यांना शेंदूर मूर्तीचे रूप किती बदलतो हे ठाऊक आहे. अशा वेळी बाह्यरेषा पाहावी, खांद्यामागे वर आलेले हात मोजावेत, पीठाजवळचा थर पातळ असतो तिथे वाहन शोधावे. दुसरी अडचण नावाची. हाडांचा सापळा झालेली, खोल गेलेल्या पोटावर विंचू असलेली, प्रेतावर बसलेली देवी शास्त्राने चामुंडा ठरते. गावात ती मरीआई म्हणून पुजली जात असेल. लढाईत पडलेल्या वीराचा वीरगळ कुठे खंडोबा झालेला असतो, कुठे मारुती. वीरगळ ओळखणे सोपे आहे : खाली लढाई, मधल्या कप्प्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. कोपरातून वाकलेला, बांगड्यांनी भरलेला नुसता हात दिसला की सतीशिळा. पण गावकऱ्यांनी दिलेले नाव चूक म्हणून खोडू नये. मूळ शिल्प काय होते हे शास्त्र सांगते, लोकांनी त्याला पुढे काय मानले हे गाव सांगते. नोंदीत दोन्ही नावे हवीत, आणि कोणते नाव कोणाचे हेही हवे.

जैन आणि बौद्ध मूर्तींची गल्लत तर सर्रास होते. ध्यानस्थ मूर्ती दिसली की बुद्ध म्हणण्याआधी छाती पाहावी. तिथे श्रीवत्साचे चिन्ह असेल तर तो तीर्थंकर. खांद्यावरून आलेल्या वस्त्राची कड दिसली तर बुद्ध. डोक्यावर सात फण्यांचा नाग सहसा पार्श्वनाथाचा, पाच फण्यांचा सुपार्श्वनाथाचा. कडेवर मूल घेतलेली, जवळ सिंह आणि आंब्याची डहाळी असलेली स्त्री ही नेमिनाथांची यक्षी अंबिका.

कडेवर मूल असलेली स्त्री म्हटले की गोवा किंवा वसईला जाऊन आलेल्या वाचकाला दुसरी आई आठवेल. आपल्याकडे प्रॉटेस्टंट मिशनांनी बांधलेल्या चर्चमध्ये मूर्ती नसतात, त्यामुळे कॅथलिक संतांची आपली पहिली भेट बहुधा जुन्या गोव्यातच होते, आणि तिथली छायाचित्रे घरी आल्यावर अनोळखी राहतात. पद्धत मात्र तीच चालते. किल्ल्या हाती असलेला पीटर, तलवार घेतलेला पॉल, अंगात बाण रुतलेला सेबास्टियन, बाळ येशू आणि लिलीचे फूल घेतलेला अँथनी. सर्पासारख्या अक्राळविक्राळ प्राण्याला भाल्याने मारणारा घोडेस्वार हा जॉर्ज. घोड्यावर सोबत म्हाळसा आणि खाली दैत्य व कुत्रा असेल तर आपला खंडोबा. से कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचे आहे आणि तिची खूण चाक, कारण तिला चाकावर छळण्याचा घाट घातला गेला अशी कथा आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा घेतला तो तिच्या सणाचा दिवस, म्हणून तिला तिथे एवढा मान. तिथल्याच बॉम जेझूस चर्चच्या मुख्य वेदीवरची भव्य मूर्ती फ्रान्सिस झेवियरची समजून बरेच जण छायाचित्र ठेवतात. ती जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आहे. झेवियरचे अवशेष बाजूच्या कक्षात आहेत.

गोव्यातल्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडवलेली हस्तिदंती मेंढपाळ येशूची मूर्ती या सगळ्या अभ्यासाची परीक्षा घेते. थरांच्या डोंगरावर बसलेले बालक, मिटलेले डोळे, गालाला टेकलेला हात. पहिल्या नजरेत बुद्ध किंवा बाळकृष्ण वाटावा. पण मांडीवर मेंढरू आहे, आणि तळाच्या गुहेत पुस्तक वाचत पहुडलेली मेरी मॅग्डलीन आहे. इथल्या हातांनी परक्या देवाला इथली बैठक दिली, आणि तरी ओळखीच्या खुणा जशाच्या तशा राखल्या.

छायाचित्र काढताना काय करावे? एक संपूर्ण मूर्तीचे, पीठासह. एक प्रत्येक हाताचे. एक मूर्ती भिंतीच्या कोणत्या भागात आहे ते दाखवणारे. दाराच्या चौकटीवर मधोमध, म्हणजे ललाटबिंबावर, कोण आहे हेही टिपावे, मंदिराचा मूळ देव ठरवायला ते साहाय्य करते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली रेघही उठून दिसते. फ्लॅशमध्ये ती नाहीशी होते. जिथे छायाचित्र काढायला मनाई असेल तिथे वहीत लिहावे.

हा निव्वळ हौसेचा उद्योग नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथान गावातून चोरलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात जाऊन पोहोचला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात त्या मूर्तीची जुनी छायाचित्रे होती, म्हणून ती कुठली हे दाखवता आले, आणि 2014 मध्ये ती भारतात परत आली. आपल्या किती गावांतल्या मूर्तींची अशी नोंद आहे? जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइल पेंट लागतो, फरश्या बसतात, पीठ सिमेंटमध्ये गाडले जाते, आणि त्याबरोबर वाहनही जाते. म्हणून वाचकाला विनंती आहे. आपल्या गावच्या पारावरची, विहिरीच्या कोनाड्यातली, पडक्या देवळाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली मूर्ती या हिवाळ्यात टिपा. उजव्या खालच्या हातापासून वर्णन लिहा, तारीख घाला, गावातले तिचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.