म्यानाच्या शिवणीची साक्ष

आपल्या इतिहासग्रंथांत तलवारीचें वर्णन जितक्या हौसेनें येतें तितकें म्यानाचें येत नाहीं. पातें, मूठ, पोलादाचें पाणी यांवर पानेंच्या पानें. म्यानास 'मखमली' हें एक विशेषण लावलें कीं काम आटोपलें. कारण उघड आहे. लोखंड गंजून कां होईना उरतें. चामड्यास ओल व कसर खाऊन टाकते. शिवाय पातें तेंच राहून म्यान बदलतें, आणि संग्रहांतील पुष्कळ जुन्या पात्यांस मागाहून केलेलें म्यान असतें. तेव्हां म्यानकाराच्या कसबाचें अस्सल साधन पाहावयाचें तर चामडें जेथें योगायोगानें टिकलें तेथेंच पाहिलें पाहिजे. असें एक स्थळ लंडन होय.

थेम्सच्या कांठीं मध्ययुगांत लांकडी धक्के बांधून त्यांच्यामागें शहरचा केरकचरा भरीत व नदीकडे जमीन वाढवीत. त्या पाणथळ भरावांत हवा पोंचत नसल्यामुळें फेकून दिलेलीं म्यानें कुजलीं नाहींत. उत्खननांत मिळालेल्या सुऱ्या व म्यानें यांवरील ग्रंथ १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील वस्तु सुमारें ११५० ते १४५० या काळांतील आहेत.

शिवणीचा दोरा बहुधा उरलेला नाहीं. वनस्पतीच्या तंतूचा असल्यानें तो नाहींसा झाला. उरलीं तीं भोंकें, आणि येथें भोंकें हाच अस्सल कागद! चामड्याचा एकच तुकडा सुरीभोंवतीं गुंडाळून त्याच्या दोन्ही कडा मागील अंगास मधोमध भिडवून शिवीत. कांहींत आरी आरपार न जातां आंतल्या अंगानें शिरून कापलेल्या कडेंतून निघालेली दिसते, म्हणजे टाका बाहेरून दिसत नसे. उलट, त्यापूर्वीच्या आंग्ल-सॅक्सन लांब सुरीचें म्यान पात्याच्या पाठीवर घडी घालून धारेच्या बाजूस जोडीत.

हा फरक केवळ आवडीचा मानावा काय? मला तसें वाटत नाहीं. आज नवशिका मनुष्य बहुधा घडीच्याच रीतीनें आरंभ करतो, कारण ती सोपी. कागदाचा नमुना कापावा, त्याबरहुकूम रांपीनें चामडें कापून दुमडावें, आरीनें सारख्या अंतरावर भोंकें पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानें दोन सुयांनीं शिवावें. पण सुरी आंत जातांना धार नेमकी टाक्यांवर येऊन दोरा कापते, हें त्यास लौकरच कळतें; म्हणून दोन पदरांमध्यें चामड्याची अरुंद पट्टी घालावी लागते. लंडनच्या रचनेंत ही अडचण उद्भवतच नाहीं. धारेसमोर अखंड चामडें, शिवण धारेच्या वाटेबाहेर, आणि दर्शनी बाजू नक्षीस मोकळी.

सालीनें कमावलेलें चामडें भिजविलें म्हणजे सुरीच्या आकारावर बसतें आणि वाळल्यावर तो आकार व दाबलेली रेघ धरून ठेवतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेलें क्रोमचें चामडें असें धरीत नाहीं. मात्र ओल्या चामड्यांत उघडें पातें ठेवल्यास लोखंड व सालींतील तुरट द्रव्य यांच्या संयोगानें काळे डाग पडतात. हिरडा व हिराकस यांची शाई याच संयोगानें काळी होते, हें पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको. यासाठीं पातें तेल लावून, पातळ वेष्टनांत गुंडाळूनच आंत घालावें.

कित्येक म्यानांवर सरदारी ढालींचीं चिन्हें आहेत. त्यांवरून मालकाचें कुळ ठरविण्याचा मोह आवरावा. साध्या सुरीच्या म्यानावर तीं बहुतेक शोभेचींच होत.

आपल्याकडील तलवारीच्या म्यानाची जात निराळी. दोन लांकडी फळ्या, वर चामडें किंवा कापड, तोंडाशीं धातूची मोहनाळ व टोंकाशीं तहनाळ. तरी शिवण कोठें आहे, टाके आरपार आहेत कीं काय, आंतील पोकळी त्याच पात्याच्या मापाची आहे कीं नाहीं, हें नोंदल्यास पातें व म्यान मूळचे सोबती आहेत काय याचा पुष्कळसा निर्णय होईल. यादींत 'म्यानासह' एवढा शेरा पुरेसा नाहीं. निदान नवी मखमल चढविण्यासाठीं जुनें आवरण उसवण्यापूर्वीं त्याच्या शिवणीचें माप व छायाचित्र तरी घ्यावें.