न दिसणाऱ्या शत्रूवर वार

बुद्धिबळाच्या पटावर लपायला जागा नाही. राजा, वजीर, उंट, घोडे, प्यादी सारी दोघा खेळाडूंना सारखीच दिसतात. झाकलेले असते ते फक्त दुसऱ्याच्या मनातले. खरे रणांगण मात्र इतके उघडे कधीच नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटाने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसे. शत्रूला दिसण्याजोगी नसलेली तुकडी तो नकाशावर मांडतच नसे, आणि मारा किती लागू पडला हे फासे टाकून ठरे. आज घरोघरची मुले संगणकावर लढाईचे जे डाव मांडतात, त्यांतल्या पुष्कळांत पटाचा बराच भाग धुक्याने झाकलेला असतो. ती कल्पनाही याच कुळातली.

पण येथे नियम करणाऱ्याची मोठी पंचाईत होते. जो दिसत नाही त्याच्यावर वार करू द्यावा काय? मनाई केली, तर लपलेला अमर होतो. मोकळीक दिली, तर लपण्यात अर्थच उरत नाही. मग तोल साधावा कसा? वाचकहो, याचे उत्तर शोधायला प्रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या उत्तरेस, जेथे आज मोटारींचे कारखाने उभे आहेत, त्या चाकणच्या भुईकोटात ते सापडते.

२१ जून १६६० रोजी शाइस्तेखान चाकणच्या संग्रामदुर्गासमोर येऊन ठेपला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि त्याची मूठभर शिबंदी, भोवती खंदक, डोक्यावर धो धो पाऊस. खानाने मोर्चे बांधले खरे, परंतु तटाआड कोण कोठे उभा आहे हे बाहेरून दिसावे कसे? अखेर त्याने माणसाचा नेम सोडून जागेचा नेम धरला. जमिनीखालून भुयार खणीत त्याचे लोक ईशान्येच्या बुरुजाखाली पोहोचले. वेढ्याला पन्नासाहून अधिक दिवस उलटल्यावर, १४ ऑगस्टच्या दुपारी सुरुंग उडाला आणि बुरुज वरच्या माणसांसह आकाशात गेला. मोगल आरोळ्या ठोकीत खिंडाराकडे धावले, आणि थबकले! आत मराठ्यांनी मातीचा उंच बांध घालून ठेवला होता. त्यामागून बाण, गोळ्या आणि दगड यांचा वर्षाव सुरू झाला. ती रात्र हल्लेखोरांना तेथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी कोट पडला, पण बादशाही फौजेचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले होते.

यातून दोन नियम सहज निघतात. न दिसणाऱ्यावर मारा करता यावा, पण तो माणसावर नव्हे, जागेवर. आणि त्याची किंमत वेळ व दारूगोळा या रूपाने आधीच मोजावी लागावी. दुसरा नियम असा की, मारा लागला म्हणजे सारे कळले असे होऊ नये. बुरुज पडला हे खानाच्या लोकांना दिसले. त्यामागचा बांध दिसला नाही.

तिसरा नियम अधिक कठोर आहे, आणि तो आपल्याच बाजूने शिकावा लागतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्याच्या लाल महालात शिरले. दिवे मालवले गेले आणि काळोखात तलवारी चालू लागल्या. खानाची बोटे तुटली, पण प्राण वाचले. त्याचा मुलगा अबुल फत्ह मात्र ठार झाला, आणि त्या गर्दीत जनानखान्यातील काही स्त्रियाही बळी पडल्या. ज्या राजाच्या फौजेत परस्त्रीला हात लावण्याची सक्त मनाई होती, त्याच्याच माणसांच्या हातून हे घडले! दोष त्यांच्या नीतीचा नव्हे, अंधाराचा होता. पण मेलेल्यांना त्याने काय फरक पडतो?

म्हणून आंधळा वार भलत्यावरही पडू शकतो, हा नियम खेळात असलाच पाहिजे. बहुतेक खेळांत चुकलेला वार नुसता हवेत जिरतो. कोणाचे काही बिघडत नाही. मुलांना असे खेळ जरूर खेळू द्यावेत. मात्र इतिहासात चुकलेला वार हवेत जिरत नाही, कोणाच्या तरी अंगावर पडतोच, एवढे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.