शेजारच्या आजींचा टॅक्स

परवा काउंटीचं बिल आलं. कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या प्रत्येकाकडे दर शरद ऋतूत हे पाकीट येतं आणि त्या दिवशी घरातला चहा जरा कडूच लागतो. माझा आकडा अठरा हजार डॉलरच्या आसपास. शेजारच्या आजींकडे कुंपणावरून सहज कुरकुर केली, तर त्या हसून म्हणाल्या, "माझं साधारण दीड हजार येतं."

घर तेच. म्हणजे एकाच बिल्डरने एकाच वर्षी बांधलेलं, तेवढंच अंगण, तेवढ्याच खोल्या. रस्ता तोच, शाळा तीच, आगीचा बंब यायचा झाला तरी दोघांकडे तोच येणार. मग बारापट फरक कसा? इंजिनीयर माणूस, बग दिसला की झोप लागत नाही. अख्खा शनिवार सांता क्लारा काउंटीचे रेकॉर्ड उपसण्यात घालवला. आणि मंडळी, बग वगैरे काही नव्हता. डिझाइनच तसं होतं!

आधी रेकॉर्ड कुठे असतात ते सांगतो, कारण घर घेऊन चार वर्षं झाली तरी मलाही नीट माहीत नव्हतं. आपल्याकडे सातबारा म्हणजे मालक, क्षेत्र, पीक, बोजा सगळं एका कागदावर. इथे तीन वेगळी खाती. असेसर जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला पार्सल नंबर देतो आणि करपात्र किंमत ठरवतो. रेकॉर्डर खरेदीखतं, गहाणखतं नोंदवून ठेवतो. टॅक्स कलेक्टर बिल पाठवतो. असेसरच्या साइटवर पत्ता टाकला की करपात्र किंमत दिसते, शेजाऱ्याची सुद्धा. रेकॉर्डरची सूची मात्र नावांवर चालते, देणारा कोण आणि घेणारा कोण. त्यामुळे घराचा इतिहास हवा असेल तर एका मालकावरून त्याच्या आधीच्या मालकावर, असं लिंक्ड लिस्टसारखं मागे मागे जावं लागतं.

आजींनी घर १९७१ साली घेतलेलं. करपात्र किंमत सव्वा लाखाच्याही खाली. माझी पंधरा लाखांच्या वर. दोन्ही घरांचा बाजारभाव एकच, टॅक्सचा दर एकच. फरक फक्त तारखेचा.

ही भानगड सुरू झाली एका लाचखोरीच्या प्रकरणातून. १९६० च्या दशकात उघडकीला आलं, की सॅन फ्रान्सिस्कोत असेसरला पैसे चारून कंपन्या आपल्या मालमत्तेची किंमत कमी लावून घेत होत्या. असेसर रसेल वोल्डन दोषी ठरले. मग १९६६ साली राज्याने कायदा केला, की यापुढे सगळ्या मालमत्तांची करपात्र किंमत बाजारभावाच्या एकाच ठरावीक प्रमाणात, म्हणजे २५ टक्के धरायची. कागदावर एकदम चोख. पण तोवर असेसर मंडळी घरमालकांवरही हात नरम ठेवून होती. असेसर निवडून येतो आणि घरमालक मतदार असतो, एवढं सांगितलं की पुरे. नियम सारखा झाला आणि तो नरम हात गेला.

त्यात १९७० च्या दशकात घरांच्या किमती भडकल्या. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात एक पैसा वाढून येत नव्हता, पण बिल मात्र दोन-तीन वर्षांत दुप्पट. राज्याच्या तिजोरीत तेव्हा शिल्लक पडून होती आणि सॅक्रामेंटोत आमदारांचं एकमत होत नव्हतं. या संतापावर हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी सह्या गोळा केल्या. ६ जून १९७८ रोजी प्रॉपोझिशन १३ मतदानाला आलं आणि जवळजवळ ६५ टक्के मतांनी पास झालं. प्रॉपोझिशन म्हणजे लोकांनी थेट मत देऊन केलेला कायदा. हा तर सरळ राज्याच्या घटनेत गेला.

नियम एका पोस्टकार्डावर मावेल. टॅक्स किमतीच्या १ टक्का (मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांचे वगैरे वर थोडे). किंमत १९७५ सालची धरायची. ती वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढणार. मालक बदलला की मात्र नव्याने, बाजारभावाने. मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. शाळा आणि गावं पैशासाठी राज्याच्या तोंडाकडे बघायला लागली, ती आजतागायत. मुंबईकराला हे पटकन समजेल. गिरगावात पागडीच्या खोलीतले जुने भाडेकरू आणि त्याच मजल्यावर नवीन आलेला भाडेकरू, असला प्रकार. फक्त इथे फायदा भाडेकरूला नाही, मालकाला.

कोर्टात कोणी गेलं नाही का? गेलं की. स्टेफनी नॉर्डलिंगर यांनी १९८८ साली लॉस एंजेलिसमध्ये १ लाख ७० हजाराला घर घेतलं. त्यांना टॅक्स आला १,७०१ डॉलर आणि जवळच तसल्याच घराच्या जुन्या मालकाला साडेतीनशेच्या आसपास. १९९२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला, की हा भेद घटनेला धरून आहे. नवीन माणसाला घर घेण्याआधी टॅक्स किती ते माहीत असतं, जुना माणूस आधीच अडकलेला असतो, असं कारण. विरोधात एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स. त्यांनी जुन्या मालकांना 'स्क्वायर' म्हटलं. आपण वतनदार म्हटलं असतं.

इथवर मला पटलं होतं. खरंच सांगतो. आजींना बाजारभावाने टॅक्स लावला असता तर त्या घर विकून कुठल्या कुठे गेल्या असत्या.

पण लिंक्ड लिस्टमध्ये मी आणखी मागे गेलो. १९४० च्या दशकात आमची कॉलनी पाडली तेव्हा बिल्डरने अटींचा एक कागद नोंदवला होता. कुंपण किती उंच, कोंबड्या पाळायच्या का, वगैरे. त्यातच एक कलम: गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचं नाही, नोकर म्हणून राहत असेल तर चालेल. दोनदा वाचलं. माझ्याच घराचा कागद!

अशी कलमं अंमलात आणायला कोर्टांची मदत मिळणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९४८ सालीच सांगितलं होतं आणि १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला वंशभेदच बेकायदा ठरवला. पण कागद तसेच राहिले. ती कलमं शोधून खोडायला कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये काउंट्यांना भाग पाडलं. आमच्या काउंटीत स्टॅनफर्डच्या लोकांनी त्यासाठी एक भाषा मॉडेल लावलं. ५० लाखांहून जास्त दस्त तपासले, त्यात साधारण साडेसात हजार असली कलमं निघाली.

शेतजमिनीचं तर आणखी आधीपासून. १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परक्यांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घ्यायला बंदी होती. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. झालं, पंजाबी शेतकरीही त्या बंदीत आले. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून आपलाच कोणी वाटतो ना? सरकारने पुढे त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला दावा लावला, पण ते स्वतःची केस जिंकले. तो जमिनीचा कायदा मतदारांनी रद्द केला १९५६ साली. त्या प्रॉपोझिशनचा नंबरही १३ होता. योगायोग, दुसरं काय.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. एक कायदा सांगतो, जो आधी आला त्याला सवलत. आणि त्याआधीची कित्येक वर्षं दुसरा कागद सांगत होता, आधी कोणी यायचं. १९८६ पासून ती जुनी किंमत मुलांनाही वारशात मिळायला लागली, मुलं त्या घरात राहत नसली तरी. २०२० च्या प्रॉपोझिशन १९ ने ते बरंचसं बंद केलं. आता मुलांनी स्वतः राहायला हवं आणि सवलतीलाही मर्यादा आहे. पण मधली ३५ वर्षं, ज्यांच्या आजोबांना त्या गल्लीत घर मिळू शकलं असतं त्यांनाच हा वारसा मिळाला. १९७८ च्या मतदारांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. ते आपापल्या बिलाकडे बघत होते, जसा मी परवा बघत होतो.

रविवारी सकाळी आजींना सगळं सांगितलं. त्या कलमाचं त्यांना माहीतच नव्हतं. जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पण बिल वाढलं तर मी जाऊ कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

आणि खरी गोची पुढेच आहे. चार वर्षांपूर्वीची माझी तारीखही आता गोठली आहे. वर्षाला २ टक्के, बस्स. दहा वर्षांनी पलीकडच्या घरात पुण्याचा, हैदराबादचा कोणी पोरगा येईल, कुंपणावरून माझा आकडा विचारेल. तेव्हा हा कायदा बदलायचं मतदान आलं तर मी काय करीन? २०२० मध्ये फक्त मोठ्या व्यापारी मालमत्तांना बाजारभावाने कर लावायचं प्रॉपोझिशन १५ आलं होतं. तेही थोडक्यात पडलं.

असो. तुम्ही इथे घर घेतलं असेल तर एक शनिवार काढून आपला दस्त मुळापर्यंत वाचाच. आणि पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरा, नाहीतर १० टक्के दंड. तो मात्र आजींना आणि मला एकाच दराने लागतो :)